ग्योम ड्यूशेन

ग्योम बेंजामँ आमाँ ड्यूशेन (१७ सप्टेंबर, १८०६ – १५ सप्टेंबर, १८७५) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य होते. स्नायू आणि मज्जातंतू यांच्या विकारांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. मुलग्यांमध्ये आढळणारा आणि स्नायूंचा क्रमाक्रमाने ऱ्हास करणारा अनुवंशिक आजार त्यांच्याच नावाने ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणून ओळखला जातो. विजेच्या सौम्य प्रवाहाने एकेक स्नायू उद्दीपित करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची प्रथा रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्याच काळात पॅरिसमध्ये जवळपास सारख्याच आडनावाचे दुसरे एक वैद्य होते. त्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून ते आपल्या नावापुढे जन्मगावाचे नाव जोडून बूलोनचे ड्यूशेन असे लिहीत.

बालपण आणि शिक्षण

ड्यूशेन यांचा जन्म फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बूलोन-सुर-मेर या बंदराच्या गावी झाला. घराण्यात मासेमारी, व्यापार आणि जहाजे चालवणे हे पिढीजात व्यवसाय होते. वडील जहाजाचे कप्तान होते आणि नेपोलियनच्या काळातील युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना सन्मान मिळाला होता. मुलानेही दर्यावर्दी व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचा ओढा विज्ञानाकडे होता. दुए येथील शिक्षण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पूर्ण करून ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. स्टेथोस्कोपचे जनक रने लाएनेक, शल्यचिकित्सक द्युप्वित्रां, शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी आणि विकृतिशास्त्रज्ञ क्र्युव्हेल्ये अशा नामवंत गुरूंची व्याख्याने त्यांना ऐकता आली. १८३१ मध्ये भाजल्याच्या जखमांवरील प्रबंध सादर करून ते वैद्य झाले आणि गावी परतले.

बूलोनमधील वैद्यकी

गावी आल्यावर त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. सुमारे दोन वर्षांनी मुलाच्या जन्मानंतर सूतिकाज्वराने पत्नीचा मृत्यू झाला. प्रसूतीच्या वेळी जवळ फक्त ड्यूशेनच होते. त्यामुळे पत्नीच्या माहेरच्या मंडळींनी मृत्यूचा दोष त्यांच्यावर ठेवला आणि गावात त्याची कुजबुज सुरू झाली. मूल आजीकडे वाढले आणि बापलेकांचा संबंध दीर्घकाळ तुटला. या प्रसंगाने वैद्य म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला आणि त्यांचे मनही व्यवसायातून उडाले. त्यांचा पुढे झालेला दुसरा विवाहही टिकला नाही.

या उदास काळातच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. शरीरात सुया टोचून त्यांतून विजेचा प्रवाह सोडण्याचा उपचार तेव्हा फ्रान्समध्ये नवीन होता. ड्यूशेन यांनी १८३५ च्या सुमारास तो आपल्या रुग्णांवर करून पाहिला. प्रवाह सोडताच सुईजवळचे स्नायू आखडतात, हे त्यांच्या लक्षात आले. इतरांच्या दृष्टीने हा उपचाराचा एक आनुषंगिक परिणाम होता. ड्यूशेन यांना मात्र त्यात स्नायूंच्या अभ्यासाचे साधन दिसले.

पॅरिसमधील काम

१८४२ मध्ये ते पुन्हा पॅरिसला आले. त्यांच्याजवळ मोठी पदवी, पद किंवा वशिला यांपैकी काहीही नव्हते. सकाळी आपले विद्युतयंत्र घेऊन ते एकेका रुग्णालयात जात, कक्षांमधून फिरत आणि पक्षाघाताचे किंवा स्नायू वाळल्याचे रुग्ण शोधत. बोलण्यात त्यांच्या गावाकडची ढब होती आणि व्याख्यान देण्याची हातोटी त्यांच्याकडे नव्हती. त्यामुळे काही तरुण वैद्य त्यांची चेष्टा करीत, तर काही कक्षप्रमुखांना त्यांचे येणे आवडत नसे. ड्यूशेन यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. एखादा रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला तर ते त्याच्या मागे तेथे जात. अशा रीतीने एकाच रुग्णाच्या आजाराचा प्रवास त्यांना वर्षानुवर्षे पाहता आला. रुग्णाची एकदाच तपासणी करून मत देण्याच्या त्या काळात ही चिकाटी दुर्मीळ होती.

त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद किंवा रुग्णालयात स्वतःचा कक्ष कधीच मिळाला नाही. साल्पेत्रिएर रुग्णालयातील प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तां शार्को यांनी मात्र त्यांचे मोल ओळखले. त्यांनी ड्यूशेन यांना आपल्या कक्षांत मुक्तपणे काम करू दिले आणि त्यांना ते जाहीरपणे आपले गुरू मानत.

स्थानिक विद्युत्-उद्दीपन

सुया टोचल्याने वेदना होत आणि प्रवाह आजूबाजूच्या भागातही पसरे. ड्यूशेन यांनी सुया बाजूला ठेवल्या आणि ओलसर केलेले विद्युतअग्र त्वचेवर ठेवून प्रवाह सोडण्याची पद्धत शोधली. त्यामुळे त्वचेला इजा न होता नेमका हवा तो स्नायू उद्दीपित करता येऊ लागला. या कामासाठी त्यांनी सहज हलवता येण्याजोगे यंत्र तयार केले. या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८६१ व १८७२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

स्नायूंच्या कार्याविषयीची तोवरची माहिती मुख्यतः शवविच्छेदनावर आधारलेली होती. जिवंत माणसात कोणता स्नायू कोणती हालचाल घडवतो, हे ड्यूशेन यांनी एकेक स्नायू उद्दीपित करून ठरवले. एखादा स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला कोणती हालचाल जमत नाही, याच्याशी ते आपले निष्कर्ष ताडून पाहत. या निरीक्षणांचे फलित म्हणजे १८६७ मधील त्यांचा शरीराच्या हालचालींवरील ग्रंथ. १९४९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि अस्थिव्यंगोपचार व भौतिकोपचार या क्षेत्रांत तो दीर्घकाळ आधारभूत मानला गेला.

मज्जासंस्थेच्या विकारांची वर्णने

हाताच्या पंजापासून सुरू होऊन हळूहळू पसरणाऱ्या स्नायुक्षयाचे वर्णन ड्यूशेन आणि आरां यांनी १८४९-५० च्या सुमारास केले. तोल जाऊन चाल बिघडणाऱ्या एका आजाराचे वर्णन ड्यूशेन यांनी १८५८-५९ मध्ये केले. या रुग्णांना पक्षाघात झाला आहे असा तेव्हा समज होता. त्यांच्या स्नायूंची ताकद शाबूत आहे आणि हालचालींचा मेळ तेवढा सुटला आहे, हे ड्यूशेन यांनी दाखवून दिले. १८६० मध्ये त्यांनी जीभ, ओठ व घसा यांच्या क्रमशः होणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन केले. लहान मुलांना होणाऱ्या पोलिओच्या पक्षाघाताचे मूळ मेरुरज्जूच्या पुढच्या भागातील पेशींत असावे, हा त्यांचा तर्क पुढे इतरांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत खरा ठरला. जन्माच्या वेळी खांद्याजवळचे मज्जातंतू ताणले जाऊन हात लुळा पडण्याच्या विकारालाही जर्मन वैद्य एर्ब यांच्यासह त्यांचे नाव दिले गेले आहे.

चेहऱ्यावरील भाव

१८६२ मध्ये त्यांचा मानवी मुद्रेच्या यंत्रणेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेहऱ्याचा एकेक स्नायू विजेने उद्दीपित करून उमटणाऱ्या भावांची छायाचित्रे त्यात आहेत. छायाचित्रणाच्या कामात त्यांना प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांचे बंधू आद्रियां तूर्नाशाँ यांचे साहाय्य झाले. बहुतेक चित्रांत दिसणारा वृद्ध चांभार चेहऱ्याची संवेदना गमावलेला होता. त्यामुळे प्रयोगाच्या वेळी त्याला वेदना होत नसत. वैद्यकीय ग्रंथात छायाचित्रांचा इतका पद्धतशीर वापर करणाऱ्या पहिल्या लेखकांपैकी ड्यूशेन हे एक होत.

खऱ्या आनंदाच्या हास्यात ओठांची टोके वर खेचणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि हा दुसरा स्नायू सहसा इच्छेने हलवता येत नाही, असे त्यांनी नोंदवले. अशा हास्याला आधुनिक मानसशास्त्रात ड्यूशेन हास्य म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मधील भावनांच्या अभिव्यक्तीवरील आपल्या ग्रंथात यांपैकी काही छायाचित्रे वापरली. ती आधी त्यांनी अनेकांना दाखवून त्यांची मते घेतली होती. काही छायाचित्रांबाबत बहुतेकांचे एकमत झाले, तर काहींबाबत मते विभागली गेली. त्यामुळे ड्यूशेन यांचे सर्वच अन्वयार्थ डार्विन यांनी स्वीकारले नाहीत.

लहान मुलांतील स्नायूंचा आजार

१८५८ च्या सुमारास ड्यूशेन यांच्यासमोर असा एक मुलगा आला की त्याच्या पायांत शक्ती नव्हती, पण पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या भरदार दिसत होत्या. १८६१ च्या आवृत्तीत त्यांनी या आजाराची नोंद केली. मोठा दिसणारा स्नायू दुबळा कसा, याचे उत्तर तेव्हा त्यांच्याजवळ नव्हते. दोष मेंदूत असावा असे त्यांनी मानले आणि आजाराला तसे नावही दिले.

पुढील काही वर्षांत असे आणखी रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले. बहुतेक सर्व मुलगे होते. त्यांची लक्षणे एकमेकांशी जुळत होती. मूल उशिरा चालू लागते, वरचेवर पडते, कमरेला आत बाक येतो, चाल डुलती होते आणि जिना चढणे अवघड जाते. पोटऱ्या फुगतात, पण आजार एका स्नायूतून दुसऱ्यात पसरत जातो आणि शेवटी मुलाचे चालणे थांबते. १८६८ मध्ये तेरा रुग्णांच्या अभ्यासावर आधारित सविस्तर लेख त्यांनी प्रसिद्ध केला. त्यात मेंदूविषयीची आपली आधीची कल्पना त्यांनी सोडून दिली आणि आजाराचे स्थान स्नायूतच असल्याचे मांडले. स्वतःचे छापील मत पुराव्यासमोर बदलण्याची ही तयारी त्यांच्या शास्त्रीय वृत्तीची साक्ष देते.

ऊतक-सुई

हा बदल शक्य झाला तो त्यांनी तयार केलेल्या एका उपकरणामुळे. तोवर स्नायूची सूक्ष्मदर्शकीय तपासणी प्रामुख्याने मृत्यूनंतर होत असे. जिवंत माणसाचा स्नायू पाहायचा तर मोठी चिरफाड करावी लागे. ड्यूशेन यांनी त्वचेतून स्नायूत घालून त्याचा बारीक तुकडा बाहेर काढता येईल अशी सुई बनवली. तिला त्यांच्या काळात ऊतक काढण्याचा भाला असेही म्हटले गेले. एकाच रुग्णाचे नमुने निरनिराळ्या वेळी घेऊन आजार कसा पुढे सरकतो हेही आता पाहता येऊ लागले.

सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पोटरीचे रहस्य उलगडले. स्नायुतंतू विरळ झाले होते आणि त्यांच्या मधल्या जागेत संयोजी ऊतक व चरबी भरली होती. स्नायू बाहेरून वाढलेला दिसत असला, तरी त्याच्यातील काम करणारा भाग घटलेला होता. निदानासाठी रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, अशी इजा करणे कितपत योग्य, असा आक्षेप काही समकालीनांनी घेतला. हा प्रश्न गैरलागू नव्हता, कारण त्या तपासणीने त्या मुलाच्या उपचारात काही फरक पडणार नव्हता. तिचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला. सुईने घेतलेला स्नायूचा नमुना पुढे जगभर निदानाचे मुख्य साधन ठरला.

अग्रक्रमाचा वाद

या आजाराचे वर्णन करणारे ड्यूशेन हे पहिले नव्हते. नेपल्स येथील कोंते आणि जोया यांनी १८३६ मध्ये दोन भावांची हकिगत लिहिली होती. लंडनचे वैद्य एडवर्ड मेरियन यांनी १८५१ मध्ये एकाच घरातील चार भावांचा आजार वैद्यकीय सभेत मांडला आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध केला. मृत मुलाच्या तपासणीत मेंदू व मेरुरज्जू निरोगी आढळले आणि स्नायुतंतूंचे आवरण फाटून आतील भाग कणमय झालेला दिसला, असे मेरियन यांनी नमूद केले होते. हा आजार कुटुंबात चालत येतो आणि तो स्नायूंचा आहे, हे दोन्ही मुद्दे त्यांनी ड्यूशेन यांच्या आधी मांडले. तरीही नाव रूढ झाले ते ड्यूशेन यांचे. रुग्णांची मोठी संख्या, लक्षणांचे संपूर्ण चित्र आणि जिवंत रुग्णाच्या स्नायूचा पुरावा ही त्याची कारणे सांगता येतात. अलीकडचे इतिहासकार मेरियन यांचे श्रेय आवर्जून नोंदवतात.

१८७९ मध्ये विल्यम गावर्स यांनी या आजाराचे एक सहज ओळखता येणारे लक्षण सविस्तर सांगितले. जमिनीवर बसलेले मूल उठताना आधी हात टेकते, मग हात गुडघ्यांवर व मांड्यांवर ठेवत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. हे गावर्स लक्षण म्हणून प्रसिद्ध आहे.

अखेरची वर्षे

मुलगा एमिल हाही वैद्य झाला. १८६० च्या दशकात बापलेकांचा समेट झाला आणि दोघे एकत्र काम करू लागले. एमिल यांनी १८६४ मध्ये लहान मुलांच्या पक्षाघातावर प्रबंध लिहिला. हे सुख फार काळ टिकले नाही. वडिलांच्या हयातीतच विषमज्वराने एमिल यांचा मृत्यू झाला. १५ सप्टेंबर, १८७५ रोजी, एकोणसत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, मेंदूतील रक्तस्रावाने ड्यूशेन यांचे पॅरिस येथे निधन झाले. ज्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांना कधीच पद नव्हते, तेथे १८९७ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

नंतरचे संशोधन : स्नायुतंतूंतील विकरे

स्नायूतील बदल ड्यूशेन यांनी डोळ्यांनी पाहिले, पण त्यांचे रासायनिक कारण कळायला आणखी शतक लागले. या शोधाची वाट विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, अभ्यासातून गेली. १९२७ मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्क आणि भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट हे संयुग शोधून काढले. स्नायूला तत्काळ लागणाऱ्या ऊर्जेचा हा साठा असतो. त्यातील फॉस्फेट काढून एटीपी हे ऊर्जावाहक संयुग तयार करण्याचे काम क्रिएटिन कायनेज हे विकर करते.

निरोगी स्नायूत हे विकर तंतूच्या आतच राहते आणि रक्तात त्याचे प्रमाण अल्प असते. १९४९ मध्ये अमेरिकेत सिब्ली व लेनिंजर यांना आणि १९५३ मध्ये फ्रान्समध्ये शापिरा व द्रेफ्युस यांना मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या रुग्णांच्या रक्तात आल्डोलेज हे स्नायूतील दुसरे विकर वाढलेले आढळले. १९५९ मध्ये जपानमधील सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी क्रिएटिन कायनेजची वाढ दाखवली. ही चाचणी अधिक नेमकी ठरली. ड्यूशेन प्रकारात या विकराची पातळी सामान्यपेक्षा पन्नास ते शंभर पटींनी वाढलेली असू शकते. लक्षणे दिसण्यापूर्वीच ती वाढलेली असते आणि पुढे स्नायूच कमी उरल्याने हळूहळू उतरते. म्हणून ही पातळी घटणे म्हणजे सुधारणा नव्हे.

मूळ कारण १९८६-८७ मध्ये उलगडले. लुई कुंकेल आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधले आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन असे नाव दिले. ७९ एक्झॉन असलेले हे जनुक मानवाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे. डिस्ट्रॉफिन हे तंतूच्या आतील सांगाड्याला तंतूच्या आवरणाशी जोडते. ते नसल्यास प्रत्येक आकुंचनागणिक आवरणाला इजा होते, विकरे बाहेर झिरपतात आणि कॅल्शियम आत शिरते. मेरियन यांनी पाहिलेल्या फाटलेल्या आवरणाचा अर्थ अशा रीतीने सुमारे १३५ वर्षांनी लागला.

आजारी तंतूच्या आतील विकरांची व्यवस्थाही बिघडते. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे कॅल्पेन ही प्रथिने तोडणारी विकरे सक्रिय होतात. एरवी डिस्ट्रॉफिनच्या आधाराने आवरणाशी राहणारे नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर आपली जागा सोडते. परिणामी काम करणाऱ्या स्नायूचा रक्तपुरवठा गरजेइतका वाढत नाही. नवे तंतू तयार करण्याची शरीराची धडपड चालू असते. या नव्या, अपक्व तंतूंत विकरांची गर्भावस्थेतील रूपे पुन्हा दिसू लागतात. वेगाने आकुंचन पावणारे तंतू सर्वप्रथम नष्ट होतात, हेही विकरांवर आधारित रंजनपद्धतींनी स्नायूचे नमुने पाहताना स्पष्ट झाले.

भारतातील आणि महाराष्ट्रातील संदर्भ

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी जगभर साधारणतः ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकास होते. एक्स गुणसूत्राशी निगडित असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि सदोष जनुक आईकडून येऊ शकते. तथापि सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो. त्यामुळे आजाराचा दोष आईवर ठेवणे सर्वथा चुकीचे आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही ड्यूशेन प्रकाराचा उल्लेख आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात. यवतमाळसारख्या विस्तृत ग्रामीण जिल्ह्यात हा आजार ओळखण्याची पहिली संधी बहुधा अंगणवाडी किंवा प्राथमिक शाळेतच मिळते. धावण्यात मागे पडणारा, वारंवार पडणारा आणि खाली बसल्यावर मांड्यांना हात लावून उठणारा मुलगा आळशी नसून आजारी असू शकतो.

अशा मुलाच्या रक्तातील यकृताशी संबंधित मानली जाणारी काही विकरेही वाढलेली आढळतात, कारण ती स्नायूतही असतात. त्यामुळे कधीकधी यकृताच्या आजाराचा शोध घेण्यात वेळ जातो. क्रिएटिन कायनेजची साधी रक्तचाचणी येथे योग्य दिशा दाखवते आणि जनुकीय चाचणीने निदान पक्के होते. त्यानंतर स्टेरॉइड औषधे, भौतिकोपचार आणि हृदय व श्वसन यांची नियमित देखभाल यांमुळे आयुर्मान वाढते. आजार पूर्ण बरा करणारा उपचार मात्र अद्याप उपलब्ध नाही.

वारसा

ड्यूशेन यांनी ना स्वतःची संस्था काढली, ना शिष्यांची परंपरा उभारली. रुग्णाकडे पुन्हापुन्हा जाणे, दिसले तेवढेच लिहिणे आणि चुकले ते दुरुस्त करणे ही त्यांची पद्धत होती. आज अनेक ठिकाणी जनुकीय चाचणीने स्नायूच्या नमुन्याची गरज कमी केली आहे. तरीही निदान अनिश्चित असताना स्नायूचा तुकडा काढून त्यातील प्रथिने व विकरे तपासली जातात, तेव्हा ड्यूशेन यांनी घालून दिलेल्या वाटेनेच वैद्यक चालत असते. ७ सप्टेंबर हा दिवस जगभर ड्यूशेन जागृती दिन म्हणून पाळला जातो. सातव्या दिवशी, नवव्या महिन्यात येणारी ही तारीख त्या जनुकाच्या ७९ एक्झॉनांची आठवण म्हणून निवडलेली आहे.